उराहामाचं तोडलेलं झाड

१

उराहामा स्टेशनसमोरचं पाइनचं झाड कुणीतरी रात्रीतून तोडलं, आणि सकाळची पहिली गाडी सुटायच्या आत लोकांनी त्याची शिक्षाही एकाला देऊन टाकली.

मी चौकीतून धावत पोचले तेव्हा तो तरुण चौकात उताणा पडला होता. दोन्ही हात चेहऱ्यावर, बोटांतून वाफ निघत होती. शेजारी कॅमेऱ्याची तिवई मोडून पडलेली. त्याच्या डोक्याशी हात्सुए काकू उभी होती. प्लॅटफॉर्मवरच्या तिच्या टपरीत गरम रश्शातल्या सोबा नूडल्स मिळतात. त्याच रश्शाची पळी अजून तिच्या हातात होती.

"आता उगवलात, पोलिसबाई?" ती म्हणाली. "झाड पडलं तेव्हा कुठं होतात? घोरत होतात?"

"काकू, काय केलंत तुम्ही हे?"

"त्यानं काय केलं ते आधी बघा!"

मी पाहिलं. उराहामा हे शहराच्या समुद्राकडच्या टोकाचं स्टेशन. रूळ इथंच संपतात. रुळांच्या शेवटी गाडी अडवायला खडीचा ढीग, त्यावर आडवा टाकलेला, रुळांखाली घालतात तसला लाकडी स्लीपर, ढिगाच्या पाठीला लागून ते झाड, आणि झाडाच्या पुढे चौक. आता झाड चौकात आडवं होतं. जागेवर मांडीइतका उंच खुंट उरला होता. राळेचा वास खाऱ्या वाऱ्यातही नाकात शिरत होता.

मार्चअखेर ही लाइन कायमची बंद होणार होती. त्यामुळे महिनाभर फोटो काढणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना "फ्रेममधून बाजूला व्हा" म्हणून ओरडायचे, लोकांच्या कुंपणांवर चढायचे. चौकातून गाडीचा चेहरा टिपायचा तर हे झाड बरोब्बर मध्ये यायचं. म्हणून सगळे झाडावर चिडलेले, आणि सगळं उराहामा त्यांच्यावर. आजचा शिराकाता नावाचा तरुण पहाटेच येऊन तिवई लावून बसला होता, आणि त्याच्यासमोर तोडलेलं झाड पडलेलं होतं. लोकांना आणखी काय हवं होतं?

अँब्युलन्स आली. त्याला आत घालत असताना स्टेशनमास्तर मिनेगिशी पांढरे हातमोजे घालून माझ्याकडे आले. फुटलेला कॅमेरा त्यांनी दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं पुढे केला.

"घ्या. पायाखाली तुडवला जात होता," ते म्हणाले. मग अँब्युलन्सकडे बघत हळूच म्हणाले, "एका डोळ्याचं काही खरं दिसत नाही. पण करावं तसं भरावं, नाही का?"

२

ठाण्यातल्या साहेबांनी फोनवरच निकाल दिला. "पोरानं झाड तोडलं, लोक चिडले. लिहून टाक आणि मिटव. शेवटच्या गाडीला महापौर यायचेत."

मी दवाखान्यात गेले. शिराकाताच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. उरलेला डोळा माझ्या गणवेशावरून फिरला आणि खिडकीकडे वळला.

"लिहा काय लिहायचं ते. तुम्ही त्यांच्यातल्याच."

"मी ओसाकाची. इतकी वर्षं झाली, ते अजून मला बाहेरचीच म्हणतात."

"मग तर तुम्हाला त्यांची बाजू आणखी जोरात घ्यावी लागत असेल."

मी वही उघडली. "झाड तू तोडलंस?"

"खुंट केवढा ठेवलाय?"

"मांडीइतका."

तो हसला. हसल्यावर त्याला दुखलं, मग शिवी देऊन म्हणाला, "बाई, मी जमिनीलगत बसून फोटो काढतो. मांडीइतका खुंट ठेवला तर तो गाडीच्या तोंडावरच येतो. तोडायचंच तर मी मुळाशी तोडीन ना? निम्मं झाड ठेवून मला काय त्याची पूजा करायचीय?"

हे मला सुचायला हवं होतं.

"तू त्या झाडाबद्दल काकूच्या टपरीवर काहीतरी बोललास म्हणतात."

"बोललो. हे झाड मेलं तर बरं, असं म्हणालो. सगळ्यांनी ऐकलं, तेवढंच लक्षात ठेवलं."

"आणखी काय म्हणालास?"

त्यानं आठवून पाहिलं. "बुंध्याला मागच्या बाजूनं खोक पडलीय, असं. कुणी या झाडाला ठोसा मारलाय का, म्हणून विचारलं मी. मुठीएवढी खोल खोक. मागच्या महिन्यात आलो तेव्हा नव्हती, माझ्याकडे फोटो आहे. तर सगळे खीखी हसले."

"कोण कोण होतं तिथं?"

"ती बया. टॅक्सीवाला. स्टेशनमास्तर. आणि तिचा मुलगा, गाडी चालवतो तो. तो नुसताच वाडगा अर्धा टाकून निघून गेला." मग तो उठून बसला. "माझा कॅमेरा कुठंय? फुटला तर फुटला, आतलं कार्ड द्या. दोन्ही महिन्यांचे फोटो त्यातच आहेत."

मी पिशवीतून कॅमेरा काढला. कार्डाच्या खणाचं झाकण उघडंच होतं. खण रिकामा होता.

३

दुपारी मी खुंटाजवळ उकिडवी बसले होते. समोर टॅक्सी लावून नेझू बोनेटला टेकून सिगरेट ओढत होता. या स्टेशनची ती एकच टॅक्सी.

"काय शोधताय? झाड बोलणार आहे का?" तो म्हणाला.

"इकडे या. बुंध्याचं टोक धरा."

"मी? हमाल समजलात का मला?"

"तुमची टॅक्सी उभी आहे ती जागा बसची आहे. बोलू का त्यावर?"

तो शिव्या पुटपुटत आला. आम्ही दोघांनी बुंधा लोटत लोटत खुंटाशी आणला. मी कापलेलं टोक खुंटाच्या तोंडाला भिडवून पाहिलं. जुळेना. खुंट रुंद होता, बुंध्याचं टोक बरंच अरुंद. खुंटाच्या कडेला सालीत एक जाड शीर वर चढत होती. बुंध्यावर ती सापडेना.

नेझूनं सिगरेट टाकली. "मधला तुकडा गेलाय."

"हो. आरी दोनदा चाललीय."

"कशाला? एकदा तोडल्यावर झाड पडलंच की."

"झाड पाडायचं नव्हतंच कुणाला, नेझू. तो मधला तुकडा हवा होता. नुसता तुकडा काढला असता तर सगळ्यांनी विचारलं असतं, तुकडा कशाला? झाड पाडलं की कुणी विचारत नाही. दोषी तर टपरीवर स्वतःच्या तोंडानं बोलून गेलेला."

म्हणजे त्या मुठीएवढ्या खोकेला कुणीतरी घाबरलं होतं. मला पहिली शंका आली ती समोरच्याची. या चौकात गाडी मागे घेताना झाडाला ठोकू शकेल असा माणूस एकच.

माझी नजर त्याच्या मागच्या बंपरवर गेली, आणि त्यानं ती ओळखली.

"हां, आता कळलं," तो म्हणाला. "लावा की मोजपट्टी. लावा! माझा बंपर गुडघ्याला येतो. तुमचा खुंट मांडीपर्यंत धड आहे, ओरखडा नाही त्यावर. तुमचा तुकडा त्याच्या वरचा. माझी टॅक्सी काय उडी मारते?"

खरं होतं. माझा चेहरा पडला, आणि त्यामुळे त्याला जरा बरं वाटलं असावं, कारण तो आपणहून बोलायला लागला.

"म्हातारा असता तर त्यानं रान उठवलं असतं. झाड त्यानंच लावलेलं."

"उबुकाता आजोबा?"

"दुसरा कोण? स्वतःचं स्टेशनमास्तरपद सुटलं तरी रोज पहाटे येऊन झाडायचा, आणि मिनेगिशीला सगळ्यांसमोर सोलायचा. 'तुला रूळ तरी कळतात का? भाजी विक जा,' असं." तो हसला. "गेला बिचारा. त्या दगडी पायऱ्यांवरून."

महिन्याच्या सुरुवातीची गोष्ट. उबुकाता आजोबा बाजाराकडच्या पायऱ्यांखाली डोकं फुटून मरून पडलेले सापडले होते. मी तेव्हा रजेवर ओसाकाला गेले होते. मुख्य ठाण्याचे आले, डॉक्टरनं डोकं पाहिलं, म्हाताऱ्याचा पाय घसरला असं ठरलं. कुणी फारसं रडलं नाही.

"त्याचा झाडू मीच ठेवलाय," नेझू म्हणाला. "चांगला बांबूचा आहे, वाया कशाला घालवा."

"पायऱ्यांवर पडला होता?"

"नाही हो. इथं. झाडाच्या आणि खडीच्या मधल्या फटीत. दांडा मोडलेला होता, मी तार बांधली."

मी पायऱ्यांकडे पाहिलं. त्या वेटिंगरूमच्या पलीकडे, प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या अंगाला होत्या. माणूस तिथं मेला, आणि मोडलेला झाडू इथं?

४

"आणखी किती वेळा सांगू?" मिनेगिशी म्हणाले. त्यांनी मला खुर्ची दिली नाही. "मी सहा वाजता आलो तेव्हा झाड पडलेलं होतं. पुढं जमावानं काय केलं त्याला मी जबाबदार नाही."

"उबुकाता आजोबांशी तुमचं पटत नव्हतं."

"कुणाचं पटत होतं?" त्यांनी हातमोज्याची बोटं एकेक करून ओढून नीट बसवली. "झाडाचं विचारायला आलात ना? मग मेलेल्या माणसाचं काय?"

"त्यांचा झाडू खडीच्या ढिगामागे सापडला."

"मग तिथं विसरले असतील. वय झालं होतं."

"मोडून?"

ते उठून उभे राहिले. "बाई, शेवटच्या गाडीची तयारी करायची आहे मला. तुम्हाला इथलं काही कळत नाही आणि कधी कळणारही नाही. दार तिकडे आहे."

बाहेर टपरीत हात्सुए काकू रस्सा ढवळत माझी वाटच बघत होती. "त्या पोराला भेटायला गेला होतात म्हणे. द्राक्षं नेली असतील!"

"काकू, त्याचा डोळा जाणार आहे."

पळी क्षणभर पातेल्यात थांबली. "मग झाड कुणी तोडलं?" ती म्हणाली, पण आवाज पहिल्यापेक्षा खाली आला होता. "माझा शिंगो लहानपणी त्या झाडाखाली खेळला. ते पडलेलं पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. आणि हा तिथं तिवई लावून बसलेला. मी काय समजू?"

"शिंगो हल्ली कसा आहे?"

"कसा असणार? धड जेवत नाही. लाइन बंद होतेय, कुणाला गोड लागेल? एप्रिलपासून मोठ्या शहरातल्या रेल्वेत लागतोय तो. आई इथं, तो तिथं." मग एकदम संशयानं, "त्याचं काय मध्येच?"

मी प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभी राहिले. शिराकाता "मागच्या बाजूनं" म्हणाला होता. चौकातून पाहिलं तर झाडाची मागची बाजू म्हणजे रुळांची बाजू. तिथं कोणती टॅक्सी जाणार? मध्ये तर खडीचा ढीग.

तेव्हा मी ढिगाकडे नीट पाहिलं. या ढिगावर वर्षानुवर्षं गवत असायचं. हिवाळ्यात वाळलेलं, पण असायचं. आता खडी स्वच्छ होती, धुतलेल्या तांदळासारखी. वरचा स्लीपर नव्या लाकडाचा. मी मागे येऊन मिनेगिशींना खिडकीतून विचारलं, "ढीग साफ केला वाटतं?"

"समारंभासाठी," आतून उत्तर आलं.

पण रुळांमध्ये गेल्या वर्षीचं गवत तसंच होतं. प्लॅटफॉर्मच्या कडेलाही. महापौरांसाठी ज्यानं सफाई केली त्यानं फक्त खडीचा ढीग उपसला होता. महापौर काय ढिगावर बसणार होते?

दुरून गाडीचा भोंगा ऐकू आला. दोन डब्यांची गाडी वळणावरून हळूहळू आत आली आणि ढिगाच्या अलीकडे थांबली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

गाडीच्या तोंडावर, दुसरा डबा जोडायला असते ती लोखंडी कडी बाहेर आलेली होती. वळलेल्या बोटांची. मिटलेल्या मुठीसारखी.

५

मी रुळांत उतरले. मोजपट्टी जमिनीपासून त्या लोखंडी मुठीपर्यंत धरली. कमरेच्या जरा खाली. मग ढिगाला वळसा घालून खुंटाशी गेले आणि तेवढीच उंची हवेत धरली. खुंटाच्या वर वीतभर. गेलेल्या तुकड्याच्या मधोमध.

मान वर केली तर ड्रायव्हरच्या खिडकीत शिंगो होता. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

"खाली ये, शिंगो."

तो उतरला. मिनेगिशी ऑफिसातून धावत आले. "ड्यूटीवरच्या ड्रायव्हरशी बोलायचं नाही! शिंगो, एक शब्द बोलू नकोस!"

"तो नको बोलू दे. मीच सांगते," मी म्हणाले. "पहाटे रिकामी गाडी डेपोतून इथं येते. महिन्याच्या सुरुवातीला एक दिवस ती वेळेत थांबली नाही. ढीग फोडून पुढे गेली आणि ही मूठ झाडात रुतली. मध्ये उबुकाता आजोबा झाडत होते. तुम्ही गाडी मागे घेतली, खडी रचली, म्हाताऱ्याला पायऱ्यांखाली नेऊन ठेवलं. सगळं झाकलं गेलं, झाडावरची खोक तेवढी राहिली. आम्हाला ती नुसती खोक दिसली असती. पण शेवटच्या गाडीला शेकडो रेल्वेवेडे येणार होते. त्यांतल्या एकानं जरी त्या खोकेकडे पाहिलं असतं तरी त्यानं ओळखलं असतं की हा कशाचा ठसा. शिराकाताच्या तोंडून तर ठोसा हा शब्द निघालाच होता. आणखी दोन दिवसांत त्याला कळलं असतं. म्हणून रात्रीतून तुम्ही झाडच पाडलंत."

"कल्पना आहे ही," मिनेगिशी म्हणाले.

"कॅमेरा जमिनीवरून तुम्हीच उचललात. त्यातलं कार्ड कुठंय?"

"पुरावा दाखवा."

"वाळूत," शिंगो म्हणाला.

मिनेगिशींनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी नकळत दोघांच्या मध्ये गेले.

"तुकडा वाळूच्या पेटीत पुरलाय," शिंगो म्हणाला. रूळ ओले झाले की चाकं घसरू नयेत म्हणून टाकायची वाळू प्लॅटफॉर्मच्या टोकाला पेटीत असते. "ओलं लाकूड जळत नव्हतं. शेवटच्या गाडीनंतर समुद्रात टाकू म्हणाले. कार्ड त्यांच्या खिशात असेल."

"मूर्खा," मिनेगिशी म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत गप्प बसायचं होतं फक्त. तेवढंही जमलं नाही तुला."

"मला डुलकी लागली होती," शिंगो माझ्याकडेच बघत राहिला. "एक क्षण. डोळे उघडले तर समोर ढीग. स्लीपर उडून आजोबांना लागला, ते मागे दगडावर आपटले. मी धावलो. ते... ते मेले नव्हते, बाई."

चौकात लोक जमले होते. टपरीतून हात्सुए काकू पळी तशीच हातात घेऊन बाहेर आली होती.

"मेले नव्हते म्हणजे?" मी विचारलं.

"शिव्या देत होते. मला, यांना. 'गाढवांनो, ब्रेक कशाला असतो,' म्हणून. मी अँब्युलन्स बोलवायला निघालो. हे म्हणाले, थांब. शिव्या देतोय म्हणजे जगणार. आधी गाडी मागे घे, आधी खडी रच. अपघात कळला तर लाइन आजच बंद होईल, शेवटची गाडी सुटणार नाही, तुझी नवी नोकरी जाईल." त्यानं ढिगाकडे बोट केलं. "मी खडी रचली. फावड्यानं. रचून झाली तेव्हा शिव्या थांबल्या होत्या."

मिनेगिशींनी हातमोजे काढले, घडी केली, खिशात ठेवले.

"आयुष्यभर त्यानं मला शिकवलं," ते म्हणाले. "रोज. सगळ्यांसमोर. त्या दिवशीही तेच. मला वाटलं, जरा वेळ बोलू दे त्याला. आज ऐकायला कुणी नाही."

हात्सुए काकू मुलाकडे बघत होती. मग तिनं हातातल्या पळीकडे पाहिलं.

६

शेवटची गाडी सुटली नाही. तपास लागल्यावर रेल्वेनं लाइन लगेच बंद केली. महापौर आले नाहीत. चौकातल्या माळा कुणी काढल्याही नाहीत. वाऱ्यानं त्या दोन दिवसांत तोडून टाकल्या.

माझ्याशी उराहामात कुणी बोलेनासं झालं. बाजारात मी दुकानात शिरले की बोलणं थांबायचं. नेझूनं एकदाच खिडकीची काच खाली करून म्हटलं, "झालं समाधान? म्हातारा परत आला का?" आणि काच वर केली. साहेबांनी शाबासकी दिली नाही, बदलीचा अर्ज करायचा असेल तर कर, एवढं सुचवलं. मी केला नाही.

शिराकाता घरी जायला निघाला तेव्हा गाडी नव्हतीच. बसनं जाणार होता. मी त्याची मोडकी तिवई द्यायला थांब्यावर गेले होते. बस यायला वेळ होता. हात्सुए काकूवर गुन्हा नोंदवल्यापासून टपरी बंद होती, पण ती पलीकडून रस्ता ओलांडून आली. अंगावर काळे कपडे. उबुकाता आजोबांच्या घरून येत असावी, नाहीतर कोठडीतून, मुलाला भेटून.

ती त्याच्यासमोर आली आणि कमरेत वाकली. इतकी, की डोकं गुडघ्यांशी टेकलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर पट्टी, पट्टीच्या कडेनं भाजलेली लाल कातडी.

"उठा," तो म्हणाला. "माणूस मेला तेव्हा तुम्ही वाकला नाहीत. मी झाड तोडलं नाही म्हणत होतो तेव्हाही कुणी वाकलं नाही. आता मुलगा अडकला म्हणून वाकताय."

"नाही," ती खालूनच म्हणाली. "तसं नाही."

"तसंच आहे."

बस आली. तो चढला, मागच्या खिडकीशी समुद्राकडे तोंड करून बसला. मी तिवई आत दिली, ती त्यानं माझ्याकडे न बघता घेतली. दार मिटलं.

बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी हात्सुए काकू वाकलेलीच होती. मी जवळ जाऊन तिच्या दंडाला धरलं.

"काकू, गेला तो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "हात सोडा माझा."

मी सोडला.